कुंपणातला वामन

दिवाळीच्या पाडव्याला आपण बळीराजाची आठवण काढतो, आणि त्याच्या मस्तकावर पाय ठेवणारा तो बटू मात्र आपल्या खिजगणतीतही नसतो. मला तो बारा महिने आठवतो. बोन्सायला मराठीत ‘वामनवृक्ष’ म्हणतात ना, त्याचा हा परिणाम! नाव झकास आहे, पण अर्धेच खरे. पुराणातला वामन लहानाचा मोठा झाला. आमच्या वामनाला मोठ्याचे लहान व्हावे लागते. त्याने तीन पावलांत त्रैलोक्य व्यापले. आमच्याला तीन पावले टाकायला वीस-तीस वर्षे पुरत नाहीत.

पुष्कळांची अशी समजूत असते, की बी पेरायचे, रोप एवढ्याशा कुंडीत कोंबायचे आणि त्याला अर्धपोटी ठेवायचे, की झाले बोन्साय. तसे होत नाही. कुंडीतल्या रोपाचे खोड पन्नास वर्षांतही मनगटाएवढे होईल की नाही याची शंकाच. म्हणून जपानी लोक जुन्या काळापासून डोंगरातली वारा-बर्फाने खुजी झालेली झाडे मुळांसकट खणून आणत. त्या झाडांना त्यांनी ‘यामादोरी’ असे नाव दिले. यामा म्हणजे डोंगर आणि दोरी म्हणजे घेणे. खोड आधी, झाड मागाहून, असा हा उलटा संसार आहे.

मी राहतो इंग्लंडात, केंट परगण्यात. इथे डोंगर नाहीत, पण कुंपणे आहेत. इथल्या मातीतला अस्सल देशी मेपल एकच, तो म्हणजे शेतमेपल. बोथट पाच बोटांची छोटी पाने, खडबडीत साल, आणि आपल्या दिवाळीच्या सुमारास सोन्यासारखा पिवळा रंग. सटन हू येथे १९३९ साली एका राजाच्या दफनात जे तंतुवाद्य सापडले, तेही मेपलच्याच लाकडाचे. वाद्य होण्याचे भाग्य न लाभलेले मेपल लोक कुंपणात लावतात आणि वर्षानुवर्षे छाटतात. वर वाढू न दिलेले झाड बुंध्याला मात्र फुगत जाते. थोडक्यात, बोन्सायवाल्याचे निम्मे काम माळ्याने नकळत करून ठेवलेले असते.

२०१४ साली आमच्या शेजारच्या आजीबाईंनी मोटारीसाठी जागा करायची म्हणून बागेचे कुंपण काढायचे ठरवले. शेताच्या बांधावरची जुनी कुंपणे इथे १९९७ च्या नियमांनी राखलेली आहेत. घरच्या बागेच्या कुंपणाला ते लागू नाहीत. तरी मी रीतसर विचारले. कोपऱ्यातला मेपल दहा फूट उंच आणि बुंध्याशी सहा इंच जाड होता. आजीबाई म्हणाल्या, “न्या खुशाल. पण मेला तर मला सांगायला येऊ नका.”

हे झाले पहिल्या पावलाचे आव्हान: झाड जगवणे. मुहूर्त फेब्रुवारीअखेरचा, म्हणजे कोंब फुटायच्या आधीचा. दहा फुटांचे झाड आधी दोन फुटांवर कापले. मग भोवती चर खणला आणि जाड मुळे करवतीने तोडली. जाड मूळ नुसता खुंटा असतो. झाडाला पाजतात ती केसासारखी तंतुमुळे. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ओंडका घरी आणला. फळ्यांचे खोके केले, तळाला भोके पाडली, त्यात प्युमिसची सच्छिद्र खडी भरली आणि ओंडका तारेने खोक्याला करकचून बांधला. हे बांधणे फार महत्त्वाचे. वाऱ्याने बुंधा हलला, की नवी कोवळी मुळे आतल्या आत तुटतात.

यानंतर करायचे काय? काहीच नाही! या छंदातली सर्वांत अवघड गोष्ट हीच. एप्रिलअखेर जुन्या सालीतून लाल धुमारे फुटले, तेव्हा हात नुसते शिवशिवत होते. पण पहिली दोन वर्षे एक पानही खुडायचे नाही. प्रत्येक पान मुळांसाठी स्वयंपाक करत असते. आणि पहिले कोंब खोडातल्या जुन्या शिदोरीवरही फुटतात, तेव्हा हिरवळ दिसली म्हणजे झाड जगले असे नव्हे. दुसऱ्या वर्षीची पालवी पाहिली आणि मगच मी आजीबाईंना बोलावले. त्या खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाल्या, “आमच्याकडे होता तेव्हा एवढा देखणा नव्हता.”

दुसरे पाऊल खोडाचे. झाड म्हणजे खाली जाड आणि वर निमुळते. आपल्याकडे तर सरळसोट ओंडका. मग एक जोमदार धुमारा शेंडा म्हणून निवडायचा, त्याच्या किंचित वर खोड तिरपे कापायचे, आणि धुमाऱ्याला चार-पाच वर्षे मोकाट वाढू द्यायचे. तो हातभर, पुरुषभर वाढतो, जाड होतो. मग त्यालाही वीतभर ठेवून कापायचे. अशा दोन-तीन कापांत खोडाला उतार येतो. मेपलला हिवाळ्याच्या अखेरीस कापले, तर जखमेतून रस ठिबकत राहतो. म्हणून मोठे काप मी पाने पक्व झाल्यावर, जूनमध्ये घेतो. जखम किंचित खोलगट कोरून वर लेप लावायचा. कडेची साल हळूहळू पुढे सरकते आणि जखमेवर मिटत जाते. माझ्या मेपलच्या मोठ्या जखमेतला आता रुपयाएवढा डोळा तेवढा उरला आहे.

तिसरे पाऊल फांद्यांचे. मेपलला कोंब समोरासमोर जोडीने येतात. त्यातला एक ठेवायचा, एक काढायचा. तार गुंडाळून फांदी वळवायची, पण उन्हाळ्यात फांदी फुगते आणि काही आठवड्यांतच तार सालीत रुतू लागते. म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहायचे आणि तार वेळेवर कापून काढायची. जिथे फांदी हवी तिथे ती नसेल, तर त्यालाही तोड आहे. खोडाला आरपार भोक पाडून झाडाचाच एक लवचिक कोंब त्यातून ओवायचा. दोन-तीन वर्षांत तो खोडाशी सांधला जातो. मग मागची नाळ कापायची. माझ्या झाडाची डावी फांदी अशी आहे. पाहुण्याला ती ओळखता येत नाही, आणि मी सांगितल्याशिवाय राहत नाही.

“पण हा छळ नव्हे का?” असे पत्र या सदराकडे हटकून येते. माझे उत्तर असे: भुकेले झाड ना फांदी धरते, ना जखम भरते. ज्याला कापायचे, त्याला आधी पोटभर खाऊ घालावे लागते. छळ होतो, पण तो बहुधा माळ्याचा. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात पारा इतिहासात पहिल्यांदा चाळीस अंशांपलीकडे गेला. त्याच आठवड्यात सांगलीला माझ्या थोरल्या बहिणीची पंचाहत्तरी होती. उथळ कुंडी अशा उन्हात अर्ध्या दिवसात कोरडी पडते. आमची ही एकटीच गेली. निघताना म्हणाली, “अहो, हे झाड आहे की घरजावई?” बहिणीला फोनवर सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, “झाडाला सावलीत ठेव, आणि तूही सावलीत बस.” एवढेच बोलली, पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी पाण्याची झारी हातात घेऊन नुसता उभा होतो.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. मी सत्तरी ओलांडली आहे आणि झाड तर आता कुठे बाळसे धरते आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत वाढवला जात आहे असे मानतात. १९४५ साली हिरोशिमावर बाँब पडला, तेव्हा तो तिथेच, यामाकी कुटुंबाच्या बागेत होता. बागेच्या भिंतीने त्याला वाचवले. १९७६ साली यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला, आणि बाँबची गोष्ट मात्र सांगितली नाही. ती २००१ साली नातवंडे झाड पाहायला गेली तेव्हा कळली. किती पिढ्यांनी त्याला पाणी घातले असेल! एकही दिवस चुकवून चालले नसते.

मीही वारस शोधला आहे. आमच्या बोन्साय मंडळात तिशीतला एक प्लंबर येतो. पाण्याच्या बाजूने मी निश्चिंत आहे. कुंडीसकट झाड उचलायला दोन माणसे लागतात, म्हणून तो महिन्यातून एकदा येतोच. आमचा वाद आहे तो उजव्या खालच्या फांदीवरून. ती मी नऊ वर्षे पोसली. तो म्हणतो, ती खोडाचा डौल झाकते, काढली पाहिजे. मी म्हणतो, राहू द्यावी. पण वीस वर्षांनी हे झाड रोज पाहायचे आहे ते त्याला, मला नव्हे.

सध्या पाने पिवळी झाली आहेत. ती गळाली, की फांद्यांचा सांगाडा उघडा पडेल, आणि हिवाळाभर आम्ही दोघे त्याच्याभोवती फिरून वाद घालू. येत्या जूनमध्ये मात्र करवत त्याच्या हाती द्यायची असे मी ठरवले आहे. पाणी मी घालीन.