लेसरने नंबर जातो, कधी पात्रताही जाते

रेल्वे भरतीच्या जाहिरातीत वैद्यकीय निकषांच्या पानावर एक छोटीशी अट असते. नंबर घालवण्यासाठी लॅसिक किंवा तत्सम कोणतीही शस्त्रक्रिया करून घेतलेला उमेदवार ए-१, ए-२, ए-३, बी-१ आणि बी-२ या वैद्यकीय श्रेणींतील पदांसाठी अपात्र ठरतो. अर्ज भरण्याच्या घाईत हे पान बहुतेकांकडून वाचायचे राहते. फी, वयोमर्यादा, परीक्षेची तारीख एवढे पाहून उमेदवार मोकळा होतो.

बुलढाणा जिल्ह्यात या अटीला वजन आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्थानके मुंबई-हावडा मार्गावर आहेत, जलंबहून खामगावला फाटा जातो आणि रेल्वेची नोकरी इथल्या घरांना परकी नाही. जानेवारी २०२५ मध्ये रेल्वेने लेव्हल-१ च्या ३२,४३८ पदांची भरती काढली, त्याच वर्षी सहायक लोको पायलटच्या ९,९७० पदांची जाहिरात आली. पोलीस, सैन्य, निमलष्करी दले यांच्या भरत्या वेगळ्याच. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला मायनस दीडचा चष्मा लागला की मित्रांकडून पहिला सल्ला येतो, ‘लेसर मारून घे, दहा मिनिटांचे काम आहे.’

सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण रेल्वेच्या बाबतीत तो उलटा पडू शकतो. लेव्हल-१ मधील ट्रॅक मेंटेनरचे पद बी-१ श्रेणीत मोडते. या श्रेणीत एका डोळ्याची नजर ६/९ आणि दुसऱ्याची ६/१२ लागते आणि ती चष्म्यासह चालते. काचेचा नंबर चारच्या पुढे नसला म्हणजे झाले. म्हणजे मायनस दीडचा चष्मा लावणारा मुलगा नजरेच्या या निकषात बसतो. त्याने पैसे खर्चून लेसर केले, नजर ६/६ झाली, की तोच मुलगा त्याच पदाला अपात्र. लोको पायलटसाठी ए-१ श्रेणी आहे. तिथे दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्याशिवाय ६/६ हवी आणि शस्त्रक्रियाही चालत नाही. स्टेशन मास्तरच्या ए-२ श्रेणीत चष्म्याशिवाय ६/९ हवी. ज्याला लहानपणापासून नंबर आहे, त्याला या दोन पदांकडे नेणारी वाट लेसरच्या खोलीतून जात नाही. सी-१ आणि सी-२ श्रेणींतील पदे या अटीबाहेर आहेत.

सैन्यदलांचा हिशेब वेगळा. हवाई दलाच्या अधिकारी पदांच्या नियमांत लेसर शस्त्रक्रियेला जागा आहे, पण ती वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी, होऊन किमान १२ महिने लोटलेले असावेत, कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी आणि उरलेला नंबर एकच्या आत असावा, अशा अटींसह. अठराव्या वर्षी उत्साहाने शस्त्रक्रिया करून घेणारा मुलगा पहिल्याच अटीवर अडकतो. दलागणिक आणि पदागणिक नियम बदलतात, जाहिरातीगणिकही बदलू शकतात. त्यामुळे एका मित्राची निवड झाली म्हणून दुसऱ्याची होईलच असे नाही. ज्या पदाची तयारी चालू आहे, त्याच्या ताज्या जाहिरातीतील वैद्यकीय परिशिष्ट छापून नेत्रतज्ज्ञासमोर ठेवणे, हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय. आणि लपवून काही साधत नाही. कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रावर लेसरने सपाट केलेला भाग दिसतो, सूक्ष्मदर्शकाखाली लॅसिकच्या पापुद्र्याची कड वर्षांनंतरही ओळखता येते.

नोकरीचा प्रश्न नसेल तर मग हरकत नाही, असेही नाही. डोळा स्वतःच्याही काही अटी घालतो.

बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. लेसर याच पडद्याचा काही भाग कमी करून त्याचा बाक बदलतो. ज्याला लांबचे दिसत नाही, त्याचा पडदा मधोमध सपाट केला जातो. एक नंबर घालवायला ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन जातात. लॅसिकमध्ये त्याआधी १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा उचलावा लागतो आणि तो परत बसवला तरी पूर्वीची ताकद देत नाही. आता बेरीज मांडून पाहावी. पडदा ५४० चा, नंबर मायनस चार. पापुद्र्याचे ११० आणि लेसरचे सुमारे ६० गेले तर खाली ३७० उरतात, ते पुरेसे मानले जाते. पडदा ४८० चा आणि नंबर मायनस सात असेल तर ११० आणि १०५ वजा जाऊन २६५ च उरतात. खाली निदान २५० तरी उरावेत असा जुना दंडक आहे आणि आज अनेक शल्यचिकित्सक ३०० च्या खाली जायला तयार नसतात. ज्या केंद्रात हा हिशेब रुग्णासमोर मांडला जात नाही, तिथून उठून यायला हरकत नसावी.

जाडीपेक्षाही आकार महत्त्वाचा. काहींचा कॉर्निया तरुणपणी हळूहळू पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. सुरुवातीला तो फक्त ‘सतत बदलणारा तिरकस नंबर’ म्हणून दिसतो. अशा डोळ्यावर लेसर केले तर आधीच कमकुवत असलेला पडदा आणखी ढळतो आणि चष्म्यानेही नीट न दिसण्याची वेळ येते, कधी कॉर्निया बदलावा लागतो. हा आजार विदर्भाला अनोळखी नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढील ४,६६७ लोकांची तपासणी करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कॉर्नियाची वक्रताशक्ती ४८ डायऑप्टर किंवा त्याहून अधिक हा निकष लावल्यावर २.३ टक्के लोकांत केराटोकोनस आढळला. निकष ४९ चा केला की आकडा ०.६ टक्क्यांवर येतो, म्हणजे व्याख्येवर बरेच अवलंबून आहे. पण कडक निकष धरला तरी हजारात सहा जण होतात. डोळे चोळण्याची सवय या आजाराशी जोडलेली आहे. सोयाबीन-तुरीच्या मळणीत उडणारा भुसा, उन्हाळ्यातली धूळ आणि लहानपणापासूनची डोळ्यांची अ‍ॅलर्जी यांत वाढलेल्या मुलाने ‘डोळे फार खाजतात’ ही गोष्ट तपासणीत आवर्जून सांगायला हवी. कॉर्नियल टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी, म्हणजे पडद्याचा रंगीत नकाशा, हीच ती चाचणी. ती न करता शस्त्रक्रियेची तारीख देणे गैर.

या तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्या लागतात. मऊ लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून जास्त. लेन्स पडद्याचा आकार तात्पुरता बदलतात आणि माप चुकते. नंबर वर्षभर स्थिर हवा, गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात शस्त्रक्रिया टाळतात, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर तज्ज्ञ बहुधा थांबायला सांगतात.

मग होते काय? बहुतेकांचे चांगले होते, हे आधी नीट सांगायला हवे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नौदलातील आणि सामान्य अशा दोन गटांतील ५७४ जणांवर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. पण ज्यांना आधी तसा काही त्रास नव्हता, अशांपैकी ४३ ते ४६ टक्क्यांनी तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलय, चमक, दुहेरी प्रतिमा यांपैकी काही ना काही नव्याने सुरू झाल्याचे सांगितले; सुमारे २८ टक्क्यांना डोळे नव्याने कोरडे वाटू लागले. त्यामुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते. बहुतेकांना ही वलये सोसण्यासारखी असतात. पण सिंदखेडराजा-मेहकरच्या पट्ट्यातून समृद्धी महामार्गावर रात्रभर गाडी चालवणाऱ्याला समोरच्या दिव्यांचा फुलोरा आणि दिवसा कार्यालयात बसणाऱ्याला तोच फुलोरा, यांत फरक आहे. व्यवसाय काय, हे डॉक्टरांनी विचारले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावे.

जाहिरातींत ‘ब्लेडलेस’, ‘टचलेस’, ‘रोबोटिक’ असे शब्द असतात. त्यांमागच्या पद्धती मोजक्याच आहेत. पीआरकेमध्ये पापुद्रा उचलत नाहीत, वरची त्वचा बाजूला करून लेसर देतात. तीन-चार दिवस डोळा चांगलाच झोंबतो आणि नजर स्थिरावायला आठवडे लागतात, पण कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्याला पापुद्रा सरकण्याची भीती राहत नाही. लॅसिकमध्ये पापुद्रा ब्लेडने किंवा फेमटो लेसरने कापतात. दुसऱ्या दिवशी बहुधा दिसू लागते. स्माइलमध्ये लहानशा छेदातून पडद्याच्या आतली चकती काढून घेतात. पडदा फारच पातळ असेल तर डोळ्याच्या आत लेन्स बसवण्याचा, म्हणजे आयसीएलचा पर्याय असतो. यांतले सगळ्यात महाग पॅकेज सगळ्यात योग्य, असे समीकरण नाही.

जिल्ह्यातून यासाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नागपूर किंवा पुणे गाठले जाते. सांगितलेली रक्कम एका डोळ्याची की दोन्हींची, तपासण्या आणि पुढच्या भेटी त्यात धरल्या आहेत का आणि नंबर थोडा उरला तर दुसऱ्यांदा लेसर मोफत की पैसे लागतील, हे लेखी घ्यावे. आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नये. विमा नियामक प्राधिकरणाच्या ठरलेल्या वगळणुकांत ७.५ डायऑप्टरपेक्षा कमी नंबराच्या दुरुस्तीचा खर्च येतो. पुढच्या तपासण्यांसाठी निदान दोन-तीन खेपा पुन्हा जावे लागते, तेव्हा कापसाच्या वेचणीत किंवा परीक्षेच्या तोंडावर तारीख घेऊ नये.

लग्नाच्या बायोडाटात ‘चष्मा नाही’ लिहिता यावे म्हणून मुलींना घाईने लेसरला नेणारी घरेही आहेत. नंबर अजून वाढतो आहे आणि साखरपुडा जवळ आला आहे, अशा वेळी डॉक्टरांवर दबाव येतो. नकार देणारा डॉक्टर या घरांना आडमुठा वाटतो. खरे तर तो फी सोडून नकार देत असतो.

शस्त्रक्रियेने मागचा डोळा बदलत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. मायनस सहाचा डोळा लांबट असतो, त्यातला पडदा म्हणजे रेटिना ताणलेला असतो आणि तो फाटण्याचा धोका चष्मा गेल्यावरही तेवढाच राहतो. समोर अचानक काळे ठिपके किंवा विजेसारख्या चमका दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतोच. लेसरनंतर डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून काचबिंदू नजरेतून सुटू शकतो.

आणि शेवटी मोतीबिंदू. आज पंचविशीत लेसर करणारा साठीत कधीतरी मोतीबिंदूच्या टेबलावर जाईल. आत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या बाकावरून काढतात. तो बाक लेसरने बदललेला असल्यामुळे नेहमीची सूत्रे चुकतात आणि शस्त्रक्रियेनंतर जाड चष्मा हाती येतो. लेसरपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची मापे आणि नेमके किती मायक्रॉन काढले याचा कागद असेल, तर डॉक्टर हा हिशेब दुरुस्त करू शकतात. फाईल केंद्राकडे तीस-पस्तीस वर्षे राहीलच याची खात्री नाही. ती घरी, जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर ठेवावी आणि गावात मोतीबिंदूचे शिबिर आले तर डोळ्यांत थेंब घालण्याआधी ‘माझे लेसर झाले आहे’ एवढे सांगून ती पुढे करावी.