आजीचं वेढं आणि दुकानातला अनंतकाळ

गेल्या दिवाळीत दुसरबीडला गेलो तेव्हा घरात बैठक बसली होती. विषय माझ्या साखरपुड्याची अंगठी. मी पुण्यातल्या एका दुकानातून फोटो पाठवला होता: अठरा कॅरेटची नाजूक पट्टी आणि तिच्याभोवती सलग बसवलेले बारीक हिरे. दुकानात याला ‘इटर्निटी बँड’ म्हणतात. किंमत ऐकून बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग काकांनी तोडगा काढला, “आईचं वेढं मोडीत घालू. झिजलेलंच तर आहे.”

आजी दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. वेढं तिच्या बोटातच होतं. मान वर न करता ती म्हणाली, “वेढं जुनं हाय, मी बी जुनीच हाय. मले बी घाला मोडीत.”

सगळे हसले. मीही हसलो. पुण्याला परतताना बसमध्ये मात्र मला स्वतःची लाज वाटली, आणि हा लेख त्या लाजेतून आला आहे. माझं म्हणणं सरळ आहे: आपली पिढी खऱ्या जुन्या अंगठ्या आटवते आणि त्या पैशांत नवा ‘अनंतकाळ’ विकत घेते. हा व्यवहार मूर्खपणाचा आहे आणि त्यात एक अन्यायही आहे.

आधी त्या अनंतकाळाची गोष्ट. वर्तुळाला सुरुवात नाही, शेवट नाही, म्हणून ते चिरंतनाचं चिन्ह, ही कल्पना फार जुनी. स्वतःची शेपूट तोंडात धरलेला साप इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातही सापडतो. राणी व्हिक्टोरियाला अल्बर्टनं दिलेली साखरपुड्याची अंगठी सापाच्याच आकाराची होती. इथवर सगळं ठीक. पण आज दुकानात दिसणारी हिऱ्यांची पट्टी घराघरांत पोचली ती सापामुळे नाही, जाहिरातीमुळे. ‘हिरा कायमचा असतो’ या अर्थाचं घोषवाक्य डी बीअर्स कंपनीसाठी १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी नावाच्या जाहिरात-लेखिकेनं लिहिलं. पुढे सोव्हिएत रशियाला सायबेरियात हिऱ्यांच्या खाणी सापडल्या. तिथला माल मुख्यतः बारीक खड्यांचा होता. एडवर्ड एप्स्टाइन या पत्रकारानं १९८२ साली ‘द अटलांटिक’ मासिकात सविस्तर लिहिलं की हा बारीक माल खपवायचा कसा, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे इटर्निटी रिंग. लग्न होऊन बरीच वर्षं झालेल्या बायकांना नवऱ्यानं पुन्हा एकदा प्रेम ‘सिद्ध’ करून द्यावं, यासाठी ती विकली गेली. म्हणजे अनंतकाळ हा आधी गोदामातला शिल्लक माल होता.

आता वस्तू म्हणून तिच्याकडे बघू. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे डिझाइन चांगलं की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: परिस्थिती बदलली की ते टिकतं का? पूर्ण इटर्निटी बँडमध्ये सगळीकडे खडे असतात, त्यामुळे बोट जाड झालं की ती वाढवायला जागाच उरत नाही. बाळंतपणानंतर, संधिवात झाल्यावर, वयानं बोटं बदलतातच. म्हणून मग अर्धी इटर्निटी निघाली, म्हणजे खडे फक्त वरच्या अर्ध्या भागात. अर्धा अनंतकाळ! या शब्दावर एकाही ग्राहकाला हसू येत नाही, हे जाहिरातीचं यश.

आणि वेढं म्हणजे काय? सोन्याची तार बोटाभोवती दोन-तीन फेऱ्यांत गुंडाळलेली. खडा नाही, डाख नाही. बोट सुजलं तर थोडं सैल करा, वाळलं तर आवळा. आजीच्या आईच्या बोटात ते होतं, मग आजीच्या, आणि मधल्या काळात कुठल्याही सोनारानं त्याला हात लावला नाही. वापरणाऱ्याबरोबर बदलणारं डिझाइन आपल्या घरात आहे आणि आपण त्याला ‘झिजलेलं’ म्हणतो.

मी दुकानात विचारलं, हीच अंगठी पाच वर्षांनी परत आणली तर? सोन्याचे त्या दिवसाच्या भावानं मिळतील, तेही अठरा कॅरेटच्या हिशेबानं, म्हणजे हजारात साडेसातशे भाग. घडणावळ गेली, जीएसटी गेला. खड्यांचं बोलताना विक्रेत्याचा आवाज खाली आला. प्रयोगशाळेत हिरे तयार व्हायला लागल्यापासून बारीक खड्याला दुर्मीळ म्हणणं अवघड झालंय. हेच प्रयोगशाळेतले हिरे सुरतेच्या कारखान्यांतही घडतात.

सगळ्यात गंमत ‘व्हिंटेज’ची. त्याच दुकानात एक वेगळं कपाट होतं: मुद्दाम काळपट केलेली नक्षी, जुन्या पद्धतीचे कोंदण, नाव ‘व्हिंटेज कलेक्शन’. बनवलेलं या वर्षी. शेजारच्या काउंटरवर लोक आजीची पुतळ्यांची माळ, वेढी, झुबे देत होते. तिथे नक्षी मोजत नाहीत, फक्त वजन आणि कस. एका काउंटरवर जुनेपण आटतं आणि दुसऱ्यावर नकली जुनेपण घडणावळ लावून विकलं जातं. हे न दिसण्याइतके आपण घाईत आहोत.

तुम्ही म्हणाल, सोनं मोडणं हीच तर आपली परंपरा. खरं आहे. आमच्या भागात सोयाबीन पडलं, विहीर खणायची झाली, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की सोनं सराफाकडे जातं. आजीनं स्वतः तिची पाटली अशीच मोडली. गरजेला मोडणं हा सोन्याचा धर्मच आहे. पण फोटोसाठी मोडणं ही गरज नव्हे.

आणि परंपरा म्हणून मी उर बडवणार नाही. खामगाव आमच्याच जिल्ह्यात, चांदीसाठी नावाजलेलं. तिथून आणलेली आजीची जोडवी आजोबा गेले त्या दिवशी बायकांनी तिच्या पायातून काढली. विचारलं कुणी नाही. आपला अनंतकाळ नवऱ्याच्या श्वासाएवढा होता. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. कागद आला. पाय अजून मोकळेच दिसतात.

त्या दिवशी वेढं मात्र वाचलं. आजी म्हणाली होती, “हे मह्या मायनं देल्लं हाय, याले हात लावायचा न्हाई.” नवऱ्याकडून आलेलं ते काढू शकले, आईकडून आलेलं नाही. कायदाही तिच्याच बाजूनं आहे. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन बाईचं स्वतःचं, सासरच्यांचा त्यावर हक्क नाही. आमच्या बैठकीत बाबा होते, काका होते, मी होतो. ज्या बाईच्या बोटात ते सोनं होतं, तिला सोडून सगळ्यांचं मत घेतलं जात होतं.

म्हणून अंगठी जुनी की नवी, सोन्याची की हिऱ्याची, हा वाद मला दुय्यम वाटतो. पहिला प्रश्न एकच: ती कुणाची आहे आणि तिला विचारलं का? दुकानातली पट्टी खुशाल घ्या, चमक आवडत असेल तर त्यात पाप नाही. फक्त स्वतःच्या पगारातून घ्या, आणि तिला अनंतकाळ म्हणू नका.

मी होणाऱ्या बायकोला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मला तो बँड नकोच होता, तूच फोटो पाठवलास.” म्हणजे तिलाही कुणी विचारलं नव्हतं. आम्ही दोघांनी साध्या सोन्याच्या अंगठ्या घेतल्या, माझ्या पगारातून आणि तिच्या पगारातून. वेढं आजीच्या बोटात आहे. ते पुढे कुणाला जाईल हे आजीनं ठरवलंय आणि ती ते कुणालाही सांगत नाही.