फलक आपला, फाइल कोणाची?

कापसाच्या भावासाठी वणी, घाटंजी वा पांढरकवड्याला मोर्चा निघतो तेव्हा फलक आजही लागतोच. पूर्वी कार्यकर्ते तो कापडावर रंगवीत. आता तो फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर तयार होतो. फलक आपल्या हाती येतो, पण ज्या मूळ फाइलमधून तो पुन्हा घडवता येईल ती दुकानातच राहते. आपल्या मोबाइलवर येते ती जेपीईजी प्रत. तीत मजकूर, छायाचित्र, पार्श्वभूमी यांचे वेगळे थर उरत नाहीत. शिवाय फेरफार करून ती पुनःपुन्हा जतन केली की दर वेळी चित्राचा तपशील थोडा गळतो. पुढल्या वर्षी नुसती तारीख बदलायची म्हटले तरी सारे श्रम पुन्हा आणि मजुरीही पुन्हा.

मूळ फाइल मागून घेतली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. ती बहुधा कोरलड्रॉच्या सीडीआर किंवा फोटोशॉपच्या पीएसडी प्रकारात असते. जिंप हे मुक्त सॉफ्टवेअर पीएसडी उघडते, परंतु अक्षरे अनेकदा चित्र होऊन येतात. ऱ्हस्वदीर्घाची चूकही सुधारता येत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांतील मराठी तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारी मक्तेदारी आहे. फोटोशॉपच्या पुढील आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरावी लागेल, असे ॲडोबीने २०१३ मध्ये जाहीर केले. विक्री गेली, खंड आला! जमिनीच्या कुळांसाठी विदर्भात १९५८ चा कायदा तरी झाला. या नव्या कुळाने खंड थकवला की स्वतःच्याच कामाचे दार बंद. चोरीची प्रत वापरून ही मक्तेदारी मोडत नाही. सवय तेवढी पक्की होते. दुकानातल्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, तोही त्याच मालकाचे कूळ.

याला उत्तर देता येते. जीआयएफ प्रकारात वापरलेल्या पद्धतीच्या पेटंटपोटी १९९४ च्या अखेरीस युनिसिस कंपनीने पैसे मागितले, तेव्हा संगणकतज्ज्ञांनी सहकार्याने पीएनजी हा सर्वांना खुला प्रकार घडवला. १९९६ मध्ये त्याला जागतिक मान्यता मिळाली. भारत सरकारनेही २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले.

तालुका शाखांनी मजुरी ठरवतानाच मूळ फाइल मागावी. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. नवे फलक इंकस्केपवर करून एसव्हीजी या खुल्या प्रकारात ठेवावेत आणि छापण्यासाठी पीडीएफ द्यावी. जुन्या सत्याग्रहांची छायाचित्रे स्कॅन करणाऱ्यांनी मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये राखावी. जेपीईजी फक्त पाठवण्यापुरती.