कुटुंब-हितगुज : पाटल्या, पत्रक आणि दोन विद्या



गेल्या महिन्यातील एका रविवारी पवित्र मिस्सा आटोपून मी वस्त्रागारात झगा उतरवीत होतो. इतक्यात धारवाड तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ दाराशी येऊन उभे राहिले. हाती चकचकीत कागदाचे पत्रक; मागे त्यांचा मुलगा व मुलगी. मुलाची बारावी नुकतीच झालेली, मुलगी त्याहून वर्षाने मोठी.

"फादर, एवढं वाचून सांगा की," ते म्हणाले. "पोराला ह्यात घालावं म्हणतोय. घरात बोलणं झालंय. हिच्या आईच्या पाटल्या गहाण ठेवायच्या."

पत्रक एका खासगी शिकवणी-वर्गाचे होते. 'सहा महिन्यांत वेब डिझायनर व वेब डेव्हलपर व्हा, नोकरीची हमी' असे त्यावर ठळक अक्षरांत छापले होते. वर्गाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. अशी पत्रके आज हुबळी-धारवाडच्या प्रत्येक बसथांब्यावर वाटली जातात. शुल्काचा आकडा मात्र असा होता, की त्या कुटुंबाचे एका हंगामाचे सोयाबीन त्यात बुडाले असते. मी त्यांना म्हटले, "अहो, पाटल्या तूर्त घरीच राहू द्या. पुढच्या रविवारी या. तोवर मी चौकशी करतो." ती चौकशी व तिच्यातून निघालेल्या काही गोष्टी आज आपणापुढे ठेवीत आहे, कारण असे पत्रक उद्या आपल्याही घरी येईल.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की त्या पत्रकाने एका ओळीत बांधलेल्या ह्या दोन विद्या वस्तुतः निरनिराळ्या आहेत. आपण मोबाइलवर जमिनीची पहाणी पाहता. पडद्यावर अक्षरे किती मोठी, बटण कोठे, कोणता रंग, प्रथम काय दिसावे व मागाहून काय, हे ज्याने ठरविले तो डिझायनर. बटण दाबताच आपल्या सर्व्हे नंबराचाच उतारा हजारो उताऱ्यांतून निवडून आपल्यापुढे यावा, शेजाऱ्याचा येऊ नये, ही व्यवस्था ज्याने केली तो डेव्हलपर. एक माणसाच्या डोळ्याशी व मनाशी बोलतो, दुसरा यंत्राशी. दोघांना एकमेकांची भाषा थोडीफार आली पाहिजे हे खरे. परंतु थोडीफार येणे निराळे आणि त्यावर पोट भरणे निराळे.

आरंभी ही वाटणी नव्हती. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने ह्या जाळ्याची योजना मांडली, तेव्हा शास्त्रज्ञांना आपले कागद एकमेकांस वाचता यावेत एवढाच हेतू होता. शोभेचा विचार कोण करणार? पुढे १९९४ साली होकून व्हियुम ली यांनी पानाचे रूप मजकुरापासून वेगळे लिहिण्याची सीएसएस नामक पद्धती सुचविली, आणि १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा रचून पानाला हालचाल दिली. मजकुराची बांधणी एचटीएमएलने, रूप सीएसएसने, वागणूक जावास्क्रिप्टने, अशी विभागणी झाली आणि तिच्यापाठोपाठ माणसांचीही होत गेली.

परंतु रूप आणि यंत्र यांचा हा झगडा आपल्या भाषेला ह्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याच्या मुळाशी आपलाच एक धर्मगुरू आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे; ते १५७९ साली गोव्यास आले व चाळीस वर्षे तेथेच राबून १६१९ साली निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' ह्या पानाच्या वाचकांस नवे नाही. ओवीबद्ध, अस्सल मराठीचा तो ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला तो मात्र रोमन अक्षरांत. असे का झाले? फादर स्टीफन्स यांची तशी इच्छा नव्हती. १६०८ साली रोममधील आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळविले होते, की ह्या प्रांतात देशी भाषेची पुस्तके देशी लिपीत छापली जावीत ही आपली फार वर्षांची मनीषा आहे. परंतु युरोपातील लिपीस चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, तेथे इकडच्या लिपीस सहाशे लागतात, आणि एवढे साचे पाडणे अशक्य वाटते. मलबारात तसे काम झाले होते, हेही त्यांनी नमूद केले होते. अक्षराचे रूप कसे असावे हे त्यांना ठाऊक होते. त्या रूपाला पेलणारे यंत्र त्यांच्या हाती नव्हते. डिझायनर होता, डेव्हलपर नव्हता, असे आजच्या भाषेत म्हटले तर फादर स्टीफन्स रागावणार नाहीत असे वाटते.

पुढे मुंबईत ही कोंडी फुटली. बालपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळ्यांचे काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या देवनागरी टाइपाचे देखणेपण आजही जाणकार वाखाणतात. अक्षराचे वळणही कळते आणि धातूही कळतो, असा कारागीर विरळा.

मग संगणक आला आणि तेच दुखणे पुन्हा उद्भवले. प्रारंभीच्या मराठी टाइपांत देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. एका संगणकावर सुबक दिसणारा मजकूर दुसऱ्यावर उघडला की निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसे. आमच्या चर्चच्या जुन्या संगणकातील बाप्तिस्म्याच्या काही याद्या अजून तशाच पडल्या आहेत. १९९१ साली निघालेल्या युनिकोड ह्या प्रमाणाने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला, आणि र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा टाइप रेखाटला, तेव्हा कोठे मराठी पान एका यंत्रावरून दुसऱ्यावर धडपणे जाऊ लागले.

एक बारीकशी गोष्ट सांगतो, म्हणजे दोन विद्यांची सांगड कळेल. मराठीतील 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे. एकाच टाइपात ही दोन्ही वळणे ठेवता येतात. मात्र मराठी वळण कोणीतरी हाताने रेखाटलेले असले पाहिजे; ते काम अक्षर रेखाटणाऱ्याचे. तसा टाइप पानासाठी निवडणे हे डिझायनरचे. आणि 'हे पान मराठी आहे' अशी खूण पानाच्या पोटात लिहिली पाहिजे, ती डेव्हलपरने. यांपैकी एकाने जरी कुचराई केली तरी आपल्या पुढ्यात हिंदी वळणाचा 'ल' येतो. आमच्या भागात तर कन्नडही शेजारी हवे. कन्नडातील जोडाक्षराचा खालचा भाग ओळीखाली लोंबतो. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळजवळ लावल्या की वरच्या ओळीचा पाय खालच्या ओळीच्या डोक्यावर पडतो. हुबळीत बसून काम करणाऱ्या मुलामुलींना हे जन्मतः डोळ्यांना ठाऊक असते. दूरदेशीच्या कारागिराला ते शिकवावे लागते.

असो. दुसऱ्या रविवारी ते गृहस्थ मुलांसह आले. माझ्या मनात उत्तर तयार होते. मुलगा आमच्या चर्चचा ध्वनिक्षेपक दुरुस्त करून देतो. सबब तो डेव्हलपर. मुलगी रांगोळी काढते, वेदीच्या वस्त्रांवर कशिदा भरते. सबब काही शिकायचेच तर तिने डिझायनर व्हावे. बापाच्या मनात तर मुलीचा प्रश्नच नव्हता. तथापि नुसत्या अंदाजावर बोलण्यापेक्षा दोघांनाही काम देऊन पाहावे असे वाटले. मी त्यांना म्हटले, "आपल्या चर्चच्या सणाचे एक पान कागदावर करून आणा. मिस्साची वेळ, नोव्हेनाचे दिवस, आणि मिस्साचे हेतू नोंदविण्याची सोय. संगणक नको; पेन्सिल पुरे."

पुढील रविवारी मुलाने तीन निरनिराळे तक्ते आणले. त्यातील दोन त्याने स्वतःच फुल्या मारून रद्द केले होते. का, असे विचारता म्हणाला, "आजीला दाखवलं, फादर. तिला करडी अक्षरं दिसली नाहीत. आणि ती पहिल्यांदा बसची वेळ शोधते, मिस्साची नाही. म्हणून बस वर घेतली." त्या पोराला ठाऊक नव्हते, पण संकेतस्थळांचे नियम ठरविणाऱ्या जागतिक मंडळाने २००८ साली हाच दंडक घालून दिला आहे, की साध्या मजकुराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे. तो जे करीत होता तेच डिझायनरचे मुख्य काम: दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे, स्वतःची आवड खोडणे, पुन्हा काढणे. फिग्मा वगैरे साधने ही त्यामानाने लवकर येणारी गोष्ट.

मुलीचा कागद रेखाटणीच्या दृष्टीने अगदी साधा होता. परंतु मागील बाजूस तिने प्रश्नांची रांग लिहिली होती. एकाच माणसाने दोनदा बटण दाबले तर दोन मिस्सा मांडायच्या का? कोणी एकतीस फेब्रुवारी लिहिले तर? एका दिवशी किती हेतू घ्यायचे, आणि ते भरल्यावर पुढच्याला काय दिसावे? मृतांची नावे सर्वांना वाचता यावीत, पण नोंदविणाऱ्याचा फोन नंबर फक्त फादरांना, हे कसे करायचे? मी थक्क झालो. ती बचतगटाचा हिशेब ठेवते, हे मला ठाऊक होते; त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. हेच डेव्हलपरचे मन. जे चुकू शकते ते आधी पाहणे, मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडणे, आणि न चालणारी गोष्ट का चालत नाही ते चार तास न चिडता शोधणे. त्यावर एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, मग पीएचपी वा पायथन यांपैकी एखादी भाषा, माहितीचे कोठार चालविणारी एसक्यूएल, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट, हे क्रमाक्रमाने शिकावयाचे. सहा महिन्यांत तोंडओळख होते. हात बसायला त्याहून अधिक काळ लागतो.

माझा अंदाज असा दोन्ही बाजूंनी चुकला. कशिदा भरणाऱ्या बोटांकडे आम्ही पाहिले. टाके मोजणाऱ्या डोक्याकडे पाहिले नाही. निर्गम ग्रंथात निवासमंडपाच्या कामासाठी परमेश्वराने बसालेल आणि अहलियाब अशा दोघांना नावे घेऊन निवडले, हे मी कितीदा वाचून दाखविले असेन! त्यातील अहलियाब हा पुरुष असून कशिद्याचा कारागीर होता, हे त्या दिवशी मला प्रथमच जाणवले.

बापाने बराच वेळ कागद उलटसुलट करून पाहिला व विचारले, "मग पाटल्या कुणासाठी ठेवू, फादर?" मी म्हटले, "अहो, कुणासाठीच नको. आधी फुकट मिळते ते शिकू द्या." मुंबईच्या आयआयटीने चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल ह्या उपक्रमाचे पाठ मराठीत व कन्नडातही ऐकावयास मिळतात, चित्रे रेखाटण्याचे इंकस्केप व गिंप, तसेच पायथनसारख्या भाषा त्यांत शिकविल्या आहेत, आणि त्यास पैसा लागत नाही. सरकारी आयटीआयमध्ये संगणकचालक व प्रोग्रॅमिंग सहायकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. हुबळीत देशपांडे फाउंडेशनचे कौशल्यवर्ग आहेत. गणितात गती असलेल्यांना येथेच अभियांत्रिकीची दारे उघडी आहेत. १९४७ साली निघालेले भूमरड्डी महाविद्यालय आज केएलई तंत्रविद्यापीठ झाले आहे, आणि २०१६ पासून धारवाडला स्वतःची आयआयटी आहे. एवढे सगळे दाराशी असता पत्रकवाल्याकडे धावण्याची निकड काय?

तरीही कोणास खासगी वर्गातच जावयाचे असेल, तर मी इतकेच विचारीन: गतवर्षीच्या विद्यार्थ्यांनी केलेली कामे दाखवा म्हणावे, त्यातील दोघांचा पत्ता घेऊन स्वतः जाऊन बोलावे, शिकविणारा स्वतः काय करतो ते पाहावे, आणि नोकरीची हमी असेल तर ती कागदावर, शुल्क परत करण्याच्या अटीसह मागावी. त्या गृहस्थांनी ही शेवटची मागणी करून पाहिली. वर्गचालकांनी चहा पाजला आणि विषय बदलला.

काहीजण म्हणतील, आता यंत्रच यंत्राला शिकविते, सांगितले की पान तयार होते, मग हे शिकून करावयाचे काय? मीही एका संध्याकाळी तसे पान करवून पाहिले. पाच मिनिटांत तयार झाले व दिसायला छान होते. मुलीने ते उघडून प्रथम एकतीस फेब्रुवारी टाकून पाहिली. पानाने ती मुकाट्याने स्वीकारली.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस यास संतपद दिले. पंधराव्या वर्षी, २००६ साली, रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या ह्या मुलाने पवित्र मिस्सातील चमत्कारांची माहिती गोळा करून तिचे संकेतस्थळ केले होते, आणि संगणकाची विद्या तो बव्हंशी पुस्तकांवरून आपणच शिकला होता. त्याचे चित्र आता आमच्या कचेरीतील संगणकावर चिकटविलेले आहे. ते त्या मुलीने लावले. सोमवारी व गुरुवारी दुपारी ती तेथे बसून पाठ ऐकते. मुलगा ह्या पंधरवड्यात आयटीआयची चौकशी करावयास धारवाडला जाणार आहे, मात्र त्याचे मन अजून डिझाइन आणि ध्वनिक्षेपक यांच्यामध्ये घुटमळते आहे. सणाचे पान दोघे मिळून करीत आहेत. बसच्या वेळा वर, मिस्साच्या खाली, आणि करड्या अक्षरांना मनाई. आजीला पुन्हा दाखवावयाचे राहिले आहे.