दोन दिवसांचा मास्तर

परवा कॅन्टीनमध्ये टीईचा एक ज्युनियर भेटला. चहा सांगायच्या आधीच म्हणाला, “दादा, मी स्क्रम मास्टरचं सर्टिफिकेशन करतोय. कोडिंग काही आपल्याला झेपत नाही. हे बरंय, मीटिंगा घ्यायच्या आणि लोकांना विचारायचं, काम झालं का! तू केलंयस ना? नोट्स दे की.”

नोट्स दिल्या. पण त्याला जे सांगायला हवं होतं ते चहा संपेपर्यंत काही जमलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्षभर कागदावर डिझाइन करायचं आणि शेवटी एकदम सॉफ्टवेअर हातात द्यायचं, या जुन्या पद्धतीला कंटाळलेले सतरा जण फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी जमले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’चा जाहीरनामा लिहिला. ‘स्क्रम’ त्याआधीची. हा रग्बीतला शब्द ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ च्या एका लेखात टीमच्या कामासाठी वापरला. पुढे १९९५ मध्ये केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी सॉफ्टवेअरसाठी ही पद्धत मांडली. जास्तीत जास्त एका महिन्याचा स्प्रिंट, रोज पंधरा मिनिटांची भेट, स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवायचं आणि आपलं कुठे चुकलं यावर बोलायचं. झालं, एवढीच स्क्रम!

यातला स्क्रम मास्टर हा साहेब नव्हे. तो कामं वाटत नाही, रजा मंजूर करत नाही, कुणाचं अप्रेझल लिहीत नाही. टीमला स्वतःचं काम नीट दिसावं, अडलेलं सुटावं आणि हळूहळू टीमने आपले निर्णय आपण घ्यावेत, यासाठी तो असतो. थोडक्यात, कोच. अधिकार शून्य आणि जबाबदारी मात्र माणसांची.

आता मला सांगा, हे काम आपल्यासारख्या विशी-बाविशीतल्या पोरांना दोन दिवसांत शिकवता येईल? माझं मत असं, की दोन दिवसांत नाही. पण शिकवता नक्की येतं. फरक कुठे आहे ते माझ्या फजितीवरून सांगतो.

गेल्या सेमिस्टरला मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत इंटर्नशिपला होतो. टीममध्ये सात जण. आधीचे स्क्रम मास्टर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले आणि मॅनेजरची नजर माझ्यावर पडली. कारण काय, तर मी बरा बोलतो आणि गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलेलं आहे! दोन दिवसांचा वर्ग झाला, परीक्षा झाली. पन्नास प्रश्न, साठ मिनिटं, सदतीस बरोबर आले की पास. आपण तर युनिट टेस्ट आदल्या रात्री वाचून काढणारे लोक, मी आरामात पास झालो. सोमवारी सकाळी मी ‘मास्टर’!

रोज दहाला टीमसमोर उभं राहायचं आणि तेच तीन प्रश्न. काल काय केलंस, आज काय करणार, काही अडलंय का? उत्तरं एक्सेलमध्ये. टीममध्ये एक सिनियर टेस्टर होती, आम्ही तिला ताई म्हणायचो. मंगळवारी ती म्हणाली, “टेस्ट सर्व्हर मिळत नाहीये.” मी ‘अडथळे’ या कॉलममध्ये लिहिलं आणि म्हटलं, “ओके, नेक्स्ट?” बुधवारी ती पुन्हा तेच म्हणाली. मी तो रकाना पिवळा केला. गुरुवारी लाल केला. मला खरंच वाटत होतं की मी माझं काम करतोय.

स्प्रिंट संपला, काम अर्धवट. रिव्ह्यूमध्ये मॅनेजरने विचारलं, “कुठे अडलं?” एक्सेल समोर उघडीच होती. लाल रकान्यासमोर जे नाव होतं ते मी वाचून दाखवलं. सर्व्हर नव्हे, नाव! पुढची दहा मिनिटं तिची सगळ्यांसमोर जी उलटतपासणी झाली ती मी मान खाली घालून ऐकली. मध्ये बोलायचं असतं हे त्या दोन दिवसांत शिकवलं नव्हतं असं नाही. स्लाइडवर होतं. पण स्लाइडवर असणं वेगळं आणि ऐन वेळी तोंडातून शब्द फुटणं वेगळं.

पुढच्या सोमवारपासून गंमत बघा. सातही जण म्हणायला लागले, “नो ब्लॉकर्स.” मीटिंग सहा मिनिटांत संपायला लागली. मी खूश! वाटलं, टीम सेट झाली.

कंपनीचे एक अ‍ॅजाइल कोच दर बुधवारी मुंबईहून यायचे. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून ‘सर’च जायचं. ते एकदा आमच्या मीटिंगला मागे उभे राहिले. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, “आज कोण कुणाकडे बघून बोलत होतं?”

मी गप्प. लक्षच नव्हतं.

“सगळे तुझ्याकडे बघून बोलत होते,” ते म्हणाले. “म्हणजे ती हजेरी होती रे, मीटिंग नव्हती.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला स्वतःहून कधीच कळलं नसतं. स्क्रमचं अधिकृत मार्गदर्शक पुस्तक जेमतेम तेरा-चौदा पानांचं आहे. त्यात रोजची भेट ही काम करणाऱ्यांची स्वतःची, एकमेकांसाठीची भेट आहे. ती स्क्रम मास्टरनेच चालवायची असा नियम नाही. ती होते आहे ना, एवढं त्याने बघायचं. आणि ते तीन प्रश्न? २०२० च्या आवृत्तीतून ते काढूनच टाकलेत! मी मात्र पाढे म्हणावेत तसे रोज म्हणत होतो.

सरांनी मला पुढच्या पूर्ण स्प्रिंटभर बोलायची बंदी केली. कडेला उभं राहायचं आणि वहीत लिहायचं: कोण कुणाकडे बघतं, कोण वाक्य अर्धवट सोडतं, कुणाचं कार्ड तीन दिवस जागचं हललेलं नाही. टोयोटाच्या ताइइची ओहनो यांच्याबद्दल सांगतात, की ते कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून इंजिनियरला त्यात उभं करायचे आणि नुसतं बघायला लावायचे. तोच प्रकार. पहिले चार दिवस वही जवळजवळ कोरी राहिली. पाचव्या दिवशी दिसायला लागलं.

पुढच्या स्प्रिंटला फक्त शेवटची ‘आपलं कुठे चुकलं’ ही बैठक माझ्याकडे, तीही सर शेजारी असताना. आधी ते विचारायचे, “काय विचारणार आहेस?” नंतर पंधरा मिनिटं यावर, की मी जे बोललो त्यातलं काय बोलायची गरज नव्हती. आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी मला टीमसमोर म्हणायला लावलं, “मी अजून शिकतोय. चुकलो तर सांगा.” इतकं अवघड वाक्य मी व्हायवाला सुद्धा बोललेलो नाही.

त्या सर्व्हरचं काय झालं? सरांनी मला हाताला धरून खालच्या मजल्यावरच्या विभागात नेलं. एक फॉर्म, एक सही, वीस मिनिटं. बस्स! या वीस मिनिटांसाठी एका माणसाचं नाव सगळ्यांसमोर खराब झालं होतं. मी ताईची माफी मागितली. “ठीक आहे रे,” म्हणाली. माझी इंटर्नशिप संपायच्या आत ती दुसऱ्या टीममध्ये गेली. कारण विचारायचं धाडस मला झालं नाही.

मित्रांनो, नवशिक्याला हे काम देऊच नये असं माझं म्हणणं नाही. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हे रडगाणं आपण प्लेसमेंटच्या वेळी सगळेच गातो. शिवाय नवख्या माणसाचा एक फायदा असतो, तो ‘हे असं का?’ असं बिनधास्त विचारू शकतो. माझी तक्रार वेगळी आहे. कोड लिहिणाऱ्या फ्रेशरला कंपनी महिनोन्‌महिने ट्रेनिंग देते, त्याचं कोड कुणीतरी तपासतं, मगच ते पुढे जातं. माणसांशी काम करणाऱ्याला मात्र दोन दिवसांत सोडून द्यायचं, आणि त्याचं कुणी तपासायचंही नाही? कोडमधला बग परत दुरुस्त होतो. टीमने एकदा खरं बोलायचं थांबवलं की ते पॅच टाकून परत येत नाही.

आपल्याच कॉलेजात बघा ना. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत एफईच्या पोराला कुणी पहिल्याच वर्षी दिग्दर्शन देतं का? तो सेट उचलतो, चहा आणतो, विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो. आणि चांगला प्रॉम्प्टर कोण? ज्याला संहिता पाठ आहे तो नव्हे. नट थांबलाय की अडकलाय हे ज्याला कळतं तो. हे कळायला महिनाभर तालमीला बसावं लागतं, याला शॉर्टकट नाही.

म्हणून कंपन्यांना माझं सांगणं एवढंच. नवख्याला आधी टीममध्ये साधं काम करू द्या. मग दोन-तीन स्प्रिंट जाणत्या माणसाच्या शेजारी नुसतं उभं करा. मग एकच बैठक द्या, सगळ्या नकोत. दर आठवड्याला कुणीतरी त्याच्याशी बोला. आणि तो शिकतोय हे टीमपासून लपवू नका. याला पैसे लागतात, मान्य. पण पोकळ पदंही टिकत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अ‍ॅजाइलची अकराशेहून जास्त पदं एका फटक्यात रद्द केली आणि ते काम इंजिनियरांच्या रोजच्या कामातच मिसळून टाकलं. नुसत्या मीटिंगा घेणारा माणूस काय, कुणालाही नकोसाच होतो.

आणि आपण? आपण कंपनीची वाट कशाला बघायची? बीईच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एक जण राबतो, दोघं प्रिंटआउट काढतात आणि चौथा ओरलच्या दिवशी उगवतो. तिथे कोचला कामच काम आहे! टीईच्या एखाद्याने वर्षभर अशा एका ग्रुपबरोबर बसावं. मार्क नाहीत, सर्टिफिकेट नाही, पण चुकलं तर कुणाची नोकरी जात नाही.

तेव्हा ज्युनियर मित्रा, परीक्षा जरूर दे, पास होशीलच. पण आमच्या ग्रुपची मीटिंग दर मंगळवारी चार वाजता लॅबमध्ये असते. वही घेऊन ये. मागे उभा राहा. आणि पहिले दोन आठवडे कृपया एक शब्द बोलू नकोस!