सेफ खेळाल तर शून्य

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात १९८६ ते २००६ अशी २१ वर्षं व्यावसायिक गोल्फची एक स्पर्धा चालली. नाव 'द इंटरनॅशनल'. तिथे सेफ खेळणाऱ्याच्या खात्यात शून्य जमा व्हायचा. फेब्रुवारी २००७ मध्ये ती बंद झाल्याचं जाहीर झालं. का, असं विचारलं की गोल्फवाले एका वाक्यात उत्तर देतात: टायगर वूड्स यायचा नाही, म्हणून प्रायोजक मिळाला नाही. हे उत्तर खोटं नाही. पण ते सोयीचं आहे, आणि माझं भांडण त्या सोयीशी आहे.

आधी नियम समजून घेऊ. गोल्फमध्ये प्रत्येक होलसाठी फटक्यांची एक अपेक्षित संख्या ठरलेली असते, ती 'पार'. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. नेहमीच्या स्पर्धेत चार दिवसांचे सगळे फटके मोजतात, ज्याचे सर्वांत कमी तो जिंकला. 'द इंटरनॅशनल'मध्ये फटक्यांऐवजी गुण मोजायचे. पारला ०, बर्डीला २, ईगलला ५, तीन फटके वाचवणाऱ्या अल्बाट्रॉसला ८. बोगीला उणे १, आणि त्याहून वाईट काहीही झालं तरी उणे ३. मूळ कल्पना फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्लंडमधल्या डॉक्टरची. १९३२ मध्ये वॉलसीच्या क्लबवर तिची स्पर्धा झाली होती. कोलोरॅडोत तिला जास्त धार लावली.

आता हिशेब करा. एका खेळाडूने अठराही होल पारमध्ये संपवले. दुसऱ्याने सहा बर्डी, सहा बोगी आणि सहा पार केले. नेहमीच्या मोजणीत दोघे बरोबरीत. इथे पहिल्याला ०, दुसऱ्याला ६. म्हणजे समोर पाणी असेल आणि पलीकडे हिरवळीवर झेंडा दिसत असेल, तर पाण्यावरून मारून बघण्यात शहाणपण होतं.

जेईई दिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. बरोबर उत्तराला अधिक ४, चुकलं तर उणे १. सीईटीत निगेटिव्ह मार्किंगच नाही. तोच मुलगा, तोच अभ्यास, पण एका पेपरात तो प्रश्न सोडून देतो आणि दुसऱ्यात बिनधास्त गोळा करतो. मी कोड लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच कळतं की सिस्टिमला तुम्ही जे मोजायला सांगाल, तेच ती वाढवते. माणसंही तशीच. अप्रेझलमध्ये फक्त चुका मोजल्या, तर टीममधला कोणीही जुन्या कोडला हात लावत नाही.

या नियमाने काय घडायचं, ते २००२ मध्ये दिसलं. शेवटच्या दिवशी स्टीव्ह लाउरीने सतराव्या होलवर अल्बाट्रॉस मारला. एका फटक्यात ८ गुण! तरीही रिच बीम ४४ विरुद्ध ४३ असा एका गुणाने जिंकला. दोनच आठवड्यांनी याच बीमने पीजीए चॅम्पियनशिपमध्ये टायगरला एका फटक्याने मागे टाकलं. फिल मिकलसन इथे दोनदा जिंकला. अर्नी एल्सने २००० मध्ये ४८ गुणांचा विक्रम केला. ही काही सर्कस नव्हती.

लोक म्हणतात, गोल्फमध्ये प्रत्येक फटका मोजला जातो हाच त्याचा प्रामाणिकपणा. मान्य. पण मग सगळ्याच स्पर्धा तशाच कशाला? दौऱ्यावरच्या जवळपास सगळ्या स्पर्धा तशाच होत्या, एक वेगळी होती. दुसरा आक्षेप असा, की प्रेक्षकांना गुण कळत नाहीत. नेट रनरेट आणि डकवर्थ-लुईस पचवलेल्या आपल्याला तरी हा आक्षेप ऐकून हसू यावं.

राहता राहिला टायगर. तो इथे दोनदाच खेळला, १९९८ आणि १९९९ मध्ये. त्यात त्याचा दोष नाही. गोल्फपटू कुठे खेळायचं ते स्वतः ठरवतो. दोष व्यवस्थेचा. एका माणसाच्या हजेरीवर जाहिरातीचा भाव ठरू द्यायचा, आणि तो आला नाही की बिल स्पर्धेच्या नावाने फाडायचं. जी वस्तू दुकानात ठेवण्याचा अधिकारच दुकानदाराला नाही, ती विकली नाही म्हणून दुकान बंद करायचं, असला हा न्याय.

पुढचं बघा. २००७ च्या जुलैमधला 'द इंटरनॅशनल'चा आठवडा वॉशिंग्टनजवळच्या नव्या स्पर्धेला मिळाला. यजमान टायगर वूड्सची संस्था, मोजणी नेहमीची. त्या स्पर्धेने नावं बदलली, प्रायोजक बदलले आणि २०१८ मध्ये तीही संपली. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या नावावर उभी राहिलेली स्पर्धा १२ वर्षं टिकली. विचित्र नियमाची स्पर्धा २१ वर्षं. हो, तिच्यामागे जॅक व्हिकर्स या तेल उद्योजकाचा पैसा आणि हट्ट होता, नुसता नियम नव्हता. पण 'नाव असेल तरच टिकतं' हा दावा या आकड्यांपुढे उभा राहत नाही.

गुणांची पद्धत तेव्हाच मेली नाही. २०१२ पासून ती रीनोच्या स्पर्धेत होती, जी पुढे बाराकुडा चॅम्पियनशिप म्हणून ओळखली गेली. पण ती ठेवली होती मोठी स्पर्धा दुसरीकडे चालू असायची त्याच आठवड्यात, जेव्हा बडे खेळाडू तिकडे असायचे. प्रयोग करायचा, पण कोणी बघत नसताना. आणि मग म्हणायचं, बघा, लोकांना आवडत नाही.

दौऱ्याने मुख्य हंगामातला एक आठवडा या पद्धतीला द्यावा, एवढीच मागणी आहे. जागेचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप त्याच कॅसल पाइन्स क्लबवर झाली, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच, जिथे विरळ हवेत चेंडू लांब जातो. मैदान परत आलं. सगळे बडे खेळाडूही आले. फक्त फटके मोजले गेले नेहमीसारखेच, आणि पारला पुन्हा मान मिळाला.