दुसरा खर्डा कोणाचा?

मराठी समीक्षाव्यवहारात प्रणयकादंबरीसंबंधी दोन सोयीस्कर भूमिका रूढ आहेत. पहिली अशी की, प्रणयकादंबरी हा रंजनाचा व्यापार असल्याने ती गंभीर चिकित्सेचा विषय होऊ शकत नाही. दुसरी भूमिका वरकरणी हिच्या अगदी उलट भासते. प्रत्यक्षातील दोन लेखकांचा स्नेह किंवा सहजीवन समोर आले की तीच समीक्षा एकाएकी हळवी होते आणि त्या दोघांच्या लेखनाला 'एक विलक्षण प्रेमकथा' ठरवून मोकळी होते. या दोन्ही भूमिका एकाच गैरसमजातून निघाल्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. प्रेम ही एक गोष्ट आणि लेखन ही दुसरी, आणि पहिली दुसरीची केवळ पार्श्वभूमी असते, असा हा गैरसमज आहे.

कादंबरीचा एक प्रकार मात्र या गैरसमजाला जागाच ठेवत नाही. एकेकाळी मिळून लिहिणारी दोन माणसे दुरावतात आणि काही वर्षांनी पुन्हा एकाच संहितेपाशी येऊन बसतात, हे त्याचे कथासूत्र. इंग्रजी लोकप्रिय कादंबरीच्या बाजारात 'दुसऱ्या संधीचा प्रणय' हा एक मान्य उपप्रकार आहे आणि लेखनातील भागीदारांची कथा ही त्याची एक शाखा. आपल्याकडील अभ्यासक तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. ज्या कादंबरीत नायक-नायिकेचे भांडणच मुळी एखादे वाक्य कोणाचे यावरून होऊ शकते, ती कर्तृत्वाच्या प्रश्नाला थेट भिडते. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली. ती आपल्या चर्चासत्रांतून आजही श्रद्धेने सांगितली जाते, परंतु लेखिका विवाहित असेल तर तिचा पती कोण हा प्रश्न मात्र त्याच चर्चासत्रांत जिवंत असतो.

'दुसऱ्या संधी'चा हा साचा हलक्या प्रतीचा आहे, असा आक्षेप प्रथम विचारात घेऊ. जेन ऑस्टिन यांची १८१७ च्या अखेरीस, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली 'पर्स्वेजन' ही या साच्याची अभिजात कादंबरी. ॲन एलियट आणि कॅप्टन वेंटवर्थ ही काही लेखनातील जोडीदार नव्हेत. तरीही आठ वर्षांच्या दुराव्यानंतर त्यांचे मनोमीलन घडते ते लेखनाच्या क्रियेतून. खोलीच्या एका बाजूस तो दुसऱ्याच कामाचे पत्र लिहीत बसला आहे. दुसऱ्या बाजूस ॲन स्त्रीपुरुषांच्या निष्ठेविषयी वाद घालते आहे आणि स्त्रियांच्या चंचलतेचे पुस्तकी दाखले नाकारताना, लेखणी आजवर पुरुषांच्याच हाती राहिली, हे कारण पुढे करते आहे. तिचे बोलणे ऐकता ऐकताच तो तिला पत्र लिहितो. महत्त्वाची गोष्ट अशी की, ऑस्टिन यांच्या पहिल्या खर्ड्यात हे पत्रच नव्हते. १८१६ मध्ये लिहिलेला शेवट त्यांनी बाजूला ठेवला आणि तो भाग नव्याने रचला. रद्द केलेल्या दोन प्रकरणांचे हस्तलिखित आज उपलब्ध आहे. म्हणजे ॲन आणि वेंटवर्थ यांना मिळालेली दुसरी संधी ही अक्षरशः दुसऱ्या खर्ड्याची देणगी होय. तेव्हा साचा हलका असतो हे म्हणणे टिकत नाही. हलका असतो तो त्याचा वापर.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. लेखनातील सहजीवनाचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण विदर्भातले आहे. कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल, अर्थात आत्माराम रावजी देशपांडे, यांचा १९२९ च्या विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने १९७२ मध्ये ग्रंथरूप झाला. त्यावेळी कुसुमावतींच्या निधनाला ११ वर्षे होऊन गेली होती. अनिल हयात होते. या ग्रंथाचा उल्लेख झाला की 'उत्कट', 'हृद्य', 'तरल' ही विशेषणे ओळीने येतात. या विशेषणांत खोटे काही नाही; पण त्यांनी झाकले जाते ते मोठे आहे. ही पत्रे लिहिली गेली तेव्हा अनिलांची 'फुलवात' (१९३२) प्रसिद्ध व्हायची होती आणि कुसुमावतींची 'दीपकळी' (१९३४) तर त्याहूनही दूर होती. ज्या वर्षांत दोघेही लेखक म्हणून घडत होते, त्या वर्षांची ही पत्रे आहेत. एकमेकांना लिहिता लिहिता दोघांची भाषा कशी तयार झाली, हा तिचा खरा वाङ्मयीन आशय. ही एक कार्यशाळा आहे आणि आपण तिला फुलबाग समजून हिंडत आलो आहोत.

याची किंमत कोणी मोजली? अनिलांनी निश्चितच नाही. मुक्तछंदाचे प्रवर्तक आणि पुढे 'दशपदी'चे कर्ते म्हणून त्यांचे स्थान प्रेमकथेवर अवलंबून नाही. किंमत मोजली ती कुसुमावतींनी. नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या, 'पासंग' (१९५४) सारखा समीक्षालेखसंग्रह देणाऱ्या, मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा समग्र आढावा घेणाऱ्या आणि १९६१ च्या ग्वाल्हेर येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी आलेल्या या पहिल्या स्त्री-लेखिकेची ओळख पदव्युत्तर विद्यार्थ्याला बहुधा पत्रनायिका म्हणून होते. कादंबरीविषयी अधिकाराने बोललेली समीक्षक स्वतःच एका कादंबरीतील पात्र होऊन बसते, हा विपर्यास आपल्या समीक्षेला खटकतसुद्धा नाही.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. १९६९ मध्ये वर्धा येथे भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष पु. शि. रेगे यांची 'सावित्री' (१९६२) ही पत्ररूप कादंबरी. तीत सावित्रीची पत्रे आहेत. ज्याला ती लिहिली गेली त्याची उत्तरे नाहीत. या एकतर्फीपणाचे सौंदर्यशास्त्र आपण आवडीने उलगडतो आणि ते योग्यच आहे. परंतु पुरुषाने कल्पिलेले स्त्रीचे पत्र म्हणजे कलाकृती आणि स्त्रीने प्रत्यक्ष लिहिलेले पत्र म्हणजे चरित्रसाधन, ही वर्गवारी कोणत्या सिद्धांतात बसते? 'कुसुमानिल'मध्ये तर दोन्ही बाजूंची पत्रे आहेत. सवाल-जबाब आहेत. संहिता म्हणून ती अधिक गुंतागुंतीची आहे.

'लेखनातील भागीदारी हे प्रणयाचे केवळ निमित्त असते' असे म्हणणाऱ्यांनी संमेलनाच्या त्याच वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीकडे पाहावे. १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे राहावयास आले ते धुळ्याच्या तुरुंगातून सुटल्यानंतर. त्या तुरुंगात फेब्रुवारी ते जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेवर १८ प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ वाणी एकाची आणि लेखणी दुसऱ्याची अशा भागीदारीतून सिद्ध झाला. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. प्रणयाचा येथे प्रश्नच नाही. तरी भागीदारी आहे आणि श्रमांची उतरंडही आहे. बोलणारा तो ग्रंथकर्ता, टिपणारा तो लेखनिक. विनोबांच्या ग्रंथकर्तृत्वावर हा आक्षेप नव्हे, आणि साने गुरुजींना तो खचितच मान्य झाला नसता. मुद्दा एवढाच की, दोन माणसांच्या श्रमांतून एक संहिता निर्माण होते तेव्हा कोणाचे नाव कोठे जाते, हा प्रश्न प्रेमाच्या आधीचा आहे. प्रणय त्याला अधिक टोकदार करतो, कारण प्रेमात हिशेब मागणे अशिष्ट मानले जाते.

म्हणूनच या प्रकारच्या कादंबरीला मी मोकळीक देऊ इच्छित नाही. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक-स्त्रियांचे म्हणणे गांभीर्याने ऐकून घेतले, हे मोठेच काम झाले. परंतु तेथे विषय वाचनाचा होता. लेखनाविषयीच्या प्रणयकादंबरीला आणखी कठोर प्रश्न विचारले पाहिजेत. दोघे मिळून लिहितात असे सांगितले जाते, ते लेखन वाचकाला दिसते काय? कोणी कोणाचे वाक्य खोडले आणि ते मान्य का झाले? पहिल्या वेळी कोणाचे नाव गाळले गेले, आणि दुसऱ्या वेळी त्याची भरपाई संहितेत झाली की केवळ आलिंगनात? मीलन झाले आणि हस्तलिखित टेबलावरच राहिले, तर कादंबरीने आपल्याच विषयाशी प्रतारणा केली असे समजावे. ऑस्टिन यांनी वेंटवर्थचे पत्र आपल्यापुढे ठेवले. त्याचा नुसता सारांश सांगितला नाही.

हेच प्रश्न 'कुसुमानिल'ला विचारावेत. सहलेखकांपैकी एकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध होणाऱ्या पत्रव्यवहाराचा अखेरचा खर्डा नेहमीच मागे राहिलेल्याच्या हयातीत होतो. गेलेल्याला आता एकही ओळ खोडता येत नाही. यात दोष कोणाचाच नाही. परंतु असा ग्रंथ वाचताना ही विषमता लक्षात घेणे समीक्षकाचे कर्तव्य आहे, आणि प्रेमकथेच्या मोहात आपण ते टाळत आलो आहोत.

मागणी साधी आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी कादंबरी-सिद्धांताच्या अभ्यासपत्रिकेत कुसुमावतींचे समीक्षालेखन सन्मानाने लावावे. 'कुसुमानिल' त्याच अभ्यासपत्रिकेत, दोन लेखकांच्या घडणीचा दस्तऐवज म्हणून वाचावे. आणि उद्या एखाद्या विद्यार्थिनीने दुरावलेल्या सहलेखकांच्या प्रणयकादंबरीवर प्रबंध लिहिण्याचा प्रस्ताव आणला, तर विषय हलका म्हणून तो परत करू नये. लेखणी कोणाच्या हाती आहे, हे ती विचारू पाहत असेल.